वीकेंड वर्कशॉप : दोन दिवसांत धंदा शिकता येतो का? पैसे भरण्याआधी हे वाचा

'फक्त ९९ रुपयांत घरबसल्या ब्रँड उभा करा.' 'शनिवार-रविवार द्या, छंदाचा बिझनेस करा.' 'शेवटच्या ५ सीट्स.'

मेंदी, रेझिन आर्ट, केक, हाताने रंगवलेले कुर्ते किंवा फोटोग्राफी असं काहीही तुम्ही इन्स्टाग्रामवर शोधलं असेल, तर अशा जाहिराती तुमच्या फीडमध्ये येत असणारच. यातली काही वर्कशॉप्स खरंच उपयोगी असतात. काहींमध्ये दोन दिवस टाळ्या वाजतात, ग्रुप फोटो निघतो आणि सोमवारी सगळं होतं तिथेच असतं.

मग पैसे भरायचे की नाही? दोन दिवसांत नेमकं काय शिकता येतं? आणि तेच फुकट कुठे शिकायला मिळतं? एकेक मुद्दा पाहूया.

वर्कशॉप म्हणजे नेमकं काय विकलं जातं?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार कौशल्याचा. वारली चित्रं, ब्लॉक प्रिंटिंग, मेणबत्त्या, चॉकलेट, मातीकाम वगैरे. इथे तुम्हाला त्या कामाची तोंडओळख होते. कोणतं साहित्य लागतं, सुरुवात कुठून करायची, हे काम आपल्याला आवडतंय का, एवढं दोन दिवसांत नक्की कळतं. हात बसायला मात्र महिने जातात. त्यामुळे दोन दिवसांत 'प्रोफेशनल' करण्याचं आश्वासन कुणी देत असेल, तर ते बाजूला ठेवा.

दुसरा प्रकार धंद्याचा. किंमत कशी ठरवायची, बिल कसं करायचं, जीएसटी कधी लागतो, फोटो कसे काढायचे, ऑर्डर कशी घ्यायची. यातल्या बऱ्याच गोष्टी माहितीच्या आणि हिशोबाच्या असतात. त्या दोन दिवसांत खरोखर शिकता येतात.

तिसरा प्रकार प्रेरणेचा. 'माइंडसेट बदला', 'मोठा विचार करा' वगैरे. इथे उत्साह मिळतो, पण किंमत किती लावायची याचं उत्तर मिळत नाही. बऱ्याचदा ९९ रुपयांचं सत्र हे पुढच्या महागड्या कोर्सची जाहिरात असते. शेवटच्या अर्ध्या तासात 'आजच्या आज भरलं तर सवलत' असं ऐकू आलं की समजून जा.

स्वतःचं काम करणाऱ्या बहुतेकांची कला कमी पडत नाही. अडतं ते चार ठिकाणी : किंमत, वसुली, हक्क आणि कर. वर्कशॉप घ्यायचंच असेल तर या चारपैकी किमान एक गोष्ट त्यात पक्की शिकवली जाते का, ते बघा. या चार गोष्टी म्हणजे काय, ते आता समजून घेऊ.

१. किंमत : कमिशनचा हिशोब कुठे चुकतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तुम्ही ज्यूटच्या पिशव्या हाताने रंगवून विकता.

एका पिशवीचा कच्चा माल : पिशवी १२० रुपये, रंग ६० रुपये, पॅकिंग २० रुपये. एकूण २०० रुपये.

आता तुमचा वेळ. समजा, महिन्याला २४,००० रुपये मिळावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्ष रंगवण्यासाठी महिन्यात १२० तास मिळतात. बाकीचा वेळ मेसेजना उत्तरं देण्यात, बाजारात जाण्यात, पार्सल करण्यात जातो. म्हणजे तासाचे २०० रुपये झाले. एका पिशवीला ३ तास लागत असतील तर मेहनतीचे ६०० रुपये.

मग वरखर्च. मोबाइल, वीज, प्रवास, प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं मिळून महिन्याला ३,००० रुपये धरा. महिन्यात ४० पिशव्या होतात, म्हणजे पिशवीमागे ७५ रुपये.

एकूण झाले ८७५ रुपये. यापेक्षा कमी पैसे हातात आले तर ती कसर तुमच्या मेहनतान्यातून भरून निघते.

आता एक दुकानदार म्हणतो, 'ठेवतो तुमच्या पिशव्या, ३० टक्के कमिशन.' अनेकजण इथे ८७५ वर ३० टक्के चढवतात आणि किंमत लावतात १,१३८ रुपये. पण दुकानदार ३० टक्के कापतो ते विक्रीच्या किमतीवर. म्हणजे तुमच्या हातात येतात साधारण ७९७ रुपये. पिशवीमागे ७८ रुपयांचा खड्डा. ४० पिशव्यांचे झाले ३,१२० रुपये. महिन्याच्या सगळ्या वरखर्चापेक्षा जास्त!

बरोबर पद्धत अशी : ८७५ ला ०.७० ने भागायचं. किंमत येते १,२५० रुपये. त्यातून ३० टक्के गेले की बरोबर ८७५ हातात राहतात.

'एवढ्याला कोण घेणार?' हा प्रश्न रास्त आहे. बाजार १,२५० द्यायला तयार नसेल तर डिझाइन सोपं करून वेळ कमी करता येतो, कच्चा माल घाऊक आणता येतो किंवा थेट ग्राहकाला विकता येतं. पण हा निर्णय आकडा समोर असल्यावरच घेता येतो. वर्कशॉपमध्ये तुमच्या स्वतःच्या वस्तूचा असा हिशोब करून घेतला जात असेल, तर ते फीच्या लायकीचं आहे.

२. वसुली : 'पुढच्या आठवड्यात करतो' याला कायद्यात उत्तर आहे

एखाद्या कंपनीचं काम करून दिलं आणि पेमेंट तीन महिने लटकलं, हा अनुभव डिझायनर, फोटोग्राफर, गिफ्ट बॉक्स बनवणारे अशा अनेकांना येतो. यावर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असल्यास त्यात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं.

या संरक्षणासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधारवर होते, पूर्ण ऑनलाइन असते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. 'उद्यम काढून देतो, १,५०० रुपये' म्हणणाऱ्या खासगी वेबसाइट भरपूर आहेत. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असलेल्या सरकारी वेबसाइटवरच अर्ज करा.

'मी एकटीच घरून काम करते, माझा कसला उद्योग?' असं वाटत असेल तर मर्यादा बघा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला प्रत्येक उद्योग 'सूक्ष्म' गटात येतो. तुम्ही त्यात आरामात बसता.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. काम सुरू करण्याआधीच नोंदणी करून ठेवा. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलांसाठी चालते का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. दुसरं, फक्त तयार माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा आलेल्या पैशांबद्दलचं हे संरक्षण मिळत नाही.

पैसे अडकलेच तर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, जमलं नाही तर लवाद. हे व्हायला वेळ लागतो. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि पेमेंटची मुदत छापलेली असली की फोनवर बोलणं सोपं जातं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचा एक नियम मदतीला आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात वजा दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्स विभागाला या नियमाची आठवण करून द्यायला हरकत नाही.

३. हक्क : चित्र तुमचं, पण मालक कोण?

हा भाग कलाकारांच्या वर्कशॉपमध्ये असायलाच हवा, आणि नेमका तोच अनेकदा वगळला जातो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो. नोंदणीची सक्ती नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो.

पण एक अपवाद आहे. कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून तुम्ही फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फिल्म बनवली आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे ऑर्डरवर काढलेलं पेंटिंग उद्या कॅलेंडरवर छापलं गेलं, तर 'माझं चित्र आहे' म्हणून वेगळे पैसे मागणं कठीण. म्हणूनच काम घेताना 'कॉपीराइट माझ्याकडे राहील, वापर फक्त अमुक कामासाठी' असं एक वाक्य लेखी असू द्या.

उलट बाजूनेही कायदा कलाकाराला सांभाळतो. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. त्यामुळे करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द दिसले तर सही करण्याआधी थांबा आणि त्याचे वेगळे पैसे मागा.

वर्कशॉपमध्येही हाच प्रश्न येतो. तिथे शिकलेलं डिझाइन जसंच्या तसं विकता येईल का? तंत्र सगळ्यांचं असतं, पण शिक्षकाने काढलेलं विशिष्ट चित्र त्याचं असतं. आधीच विचारून घ्या.

४. कर : घाबरण्यापेक्षा तीन आकडे लक्षात ठेवा

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी ती ४० लाख आहे. राज्याबाहेर माल पाठवणाऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्यात काही हस्तकला वस्तूंना सूट आहे. ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायचं तर पूर्वी छोट्या विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी घ्यावीच लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतला विक्रेता फक्त एनरोलमेंट क्रमांक घेऊन आपल्याच राज्यात माल विकू शकतो.

तिसरा आकडा प्राप्तिकराचा. छोट्या व्यवसायासाठी 'प्रिझम्प्टिव्ह टॅक्सेशन' ही सोय आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर सविस्तर हिशोबाच्या वह्या न ठेवता उलाढालीचा ठरावीक भाग नफा म्हणून दाखवता येतो. बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. फिल्म कलाकार, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर अशा ठरावीक पेशांसाठी नियम वेगळा आहे. तिथे किमान ५० टक्के उत्पन्न धरलं जातं. तुमचं काम कोणत्या गटात बसतं हे सीएला एकदा विचारून घ्या, फरक मोठा पडतो.

कंपनीने तुमच्या पेमेंटमधून टीडीएस कापला असेल आणि तुम्ही रिटर्नच भरला नाही, तर जास्तीचा कापलेला पैसा परत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं फुकट कुठे शिकवतात?

खासगी वर्कशॉपला पैसे भरण्याआधी हे दरवाजे ठोठावून बघा.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी : १९८८ मध्ये सुरू झालेली ही संस्था छत्रपती संभाजीनगरमधून चालते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकता प्रशिक्षण घेते. काही कार्यक्रम मोफत असतात, काहींना फी असते.

जिल्हा उद्योग केंद्र : कर्ज आणि अनुदानाच्या योजना, त्यांच्यासोबतचं प्रशिक्षण आणि कागदपत्रं यांची माहिती इथे मिळते.

आरसेटी : बँका चालवतात ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ग्रामीण तरुणांसाठी प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवणासह. शिवणकाम, ब्युटी पार्लर, खाद्यपदार्थ असे विषय असतात. मात्र हे वीकेंडचं काम नाही, सलग दिवस द्यावे लागतात.

पीएम विश्वकर्मा : १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली योजना. सुतार, कुंभार, सोनार, शिंपी, मूर्तिकार, चर्मकार, बुरूडकाम, खेळणी बनवणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अर्ज कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतो.

हस्तकला कारागिरांसाठी केंद्राचं 'पहचान' ओळखपत्रही आहे. हस्तकला विभागाच्या योजना आणि प्रदर्शनांसाठी ते उपयोगी पडतं.

खासगी वर्कशॉपचा खरा खर्च किती?

अनेक कलाकारांसाठी शनिवार-रविवार हेच कमाईचे दिवस असतात. लग्नं, प्रदर्शनं, वाढदिवस सगळं तेव्हाच. त्यामुळे खर्च फक्त फीचा नसतो. समजा फी २,५०० रुपये, जाण्यायेण्याचे ६०० रुपये आणि सोडून दिलेल्या ऑर्डरची कमाई ३,००० रुपये. एकूण झाले ६,१०० रुपये.

आता वरची पिशवी आठवा. वर्कशॉपमधून तुम्ही कमिशनचा हिशोब तेवढा बरोबर शिकलात, तर दुकानातल्या प्रत्येक पिशवीमागे ७८ रुपये वाचतात. ७९ पिशव्यांत, म्हणजे साधारण दोन महिन्यांत खर्च निघाला. हाच हिशोब तुमच्या वस्तूला लावून बघा. खर्च भरून निघायला दोन वर्षं लागत असतील तर ते वर्कशॉप सोडून द्या.

पैसे भरण्याआधी आयोजकांना हे प्रश्न विचारा

शिकवणारी व्यक्ती स्वतः तो व्यवसाय करते का, की फक्त वर्कशॉप घेते?

दोन दिवसांचं तासागणिक वेळापत्रक लेखी मिळेल का?

बॅचमध्ये किती जण असतील? हाताने करायच्या कामाला ५०-६० जणांची बॅच असेल तर तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ मिळणार नाही.

साहित्य फीमध्ये आहे का? फीवर जीएसटी वेगळा आहे का? पक्कं बिल मिळेल का?

मला येता आलं नाही किंवा वर्कशॉप रद्द झालं तर पैसे परत कसे मिळतील? हे उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

सर्टिफिकेटला कुणाची मान्यता आहे? खासगी सर्टिफिकेट भिंतीवर लावायला छान असतं, पण त्याच्यामुळे कर्ज किंवा परवाना मिळेल असं धरून चालू नका.

फसवणूक झाली तर?

जाहिरातीत एक सांगितलं आणि प्रत्यक्षात दुसरंच मिळालं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पेमेंटची पावती आणि चॅट जपून ठेवा. आधी आयोजकाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

वर्कशॉप झाल्यावर काय?

वहीत दहा पानं नोट्स असतात आणि महिन्याभराने त्या उघडल्या जात नाहीत. म्हणून जाण्याआधीच एक काम ठरवा. 'मला माझ्या तीन वस्तूंची किंमत ठरवायची आहे' किंवा 'मला बिलाचा नमुना तयार करायचा आहे' एवढं छोटं. तेच प्रश्न घेऊन जा, तिथेच विचारा आणि सोमवारी ते काम संपवा.

आणि वर्कशॉपला जायचं नाही असं ठरलं तरी या आठवड्यात तीन गोष्टी घरबसल्या, एक पैसाही न देता करता येतात : उद्यम नोंदणी, सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या वस्तूचा वरच्यासारखा हिशोब, आणि ऑर्डर घेताना पाठवायचा एक मेसेज. त्या मेसेजमध्ये काम काय, किंमत किती, ॲडव्हान्स किती, उरलेले पैसे कधी आणि चित्राचा हक्क कुणाकडे, एवढं असलं की झालं. हे करताना जिथे अडाल, त्याच विषयाचं वर्कशॉप शोधा.